महेशबरोबर बलबीरच्या गावाला

मुलुंड

उत्तरकाशी जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, तमसा नदीच्या खोऱ्यात, कोटधार नावाचं साठेक घरांचं गाव आहे. तिथे नावाजलेलं देऊळ नाही, धबधबा नाही. ट्रेकिंगला येणारी मंडळी एक डोंगर अलीकडूनच दुसरीकडे वळतात. गेल्या पावसाळ्यानंतर मी तिथे जाऊन आलो. तिकडे काय आहे असं कोणी विचारलं की मी सांगतो, राजमा फार चांगला मिळतो. तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं. बाकीचं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतोय.

मुलुंडहून फोन आला, महेशच्या बायकोचा, विद्यावहिनींचा. कोटधारच्या बलबीरच्या मुलीने कळवलं होतं की वडिलांची फुफ्फुसं निकामी झालीत, डेहराडूनच्या डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवून दिलंय, आणि ते महेश साबची आठवण काढतात. महेशने जायचं ठरवलं. वहिनी सोबत निघणार होत्या, पण तो नको म्हणाला. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, त्याला तुम्हीच हवे आहात. मला सांगितलंन, सुनील येईल."

मी चारकोपला राहतो. माझ्या म्हाताऱ्या आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "जा. त्येका तुझ्याशिवाय कोण आसा?" नाही म्हणायला काही कारण सुचेना.

महेश कोण, ते आधी सांगायला हवं. आम्ही दोघं एकाच क्लबातले. बोरिवलीच्या जंगलातल्या कातळांवर दर रविवारी लटकायचो. मी हौशी होतो, तो जातिवंत होता. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, पवईच्या एका कंपनीत ड्रॉइंगच्या खात्यात नोकरी करणारा, आणि वर्षभराची सगळी रजा साठवून मे-जूनमध्ये हिमालयात गायब होणारा. पंचवीस वर्षांत त्याने सात हजार मीटरवरची तीन शिखरं केली. एकदा आठ हजारी शिखराच्या माथ्यापासून तासाभराच्या अंतरावर असताना त्याला दुसऱ्या देशाच्या टीमचा एक गिर्यारोहक बर्फात बसलेला दिसला. स्वतःचं नावही धड सांगू न शकणारा. महेशने शिखर सोडलं आणि त्याला दोराला बांधून खाली आणलं. तो माणूस कोण होता हे त्याला आजही माहीत नाही. पुन्हा तेवढ्या उंचीवर जायची संधी त्याला मिळाली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही दोघं कोटधारच्या मागच्या एका शिखरावर गेलो. नाव लिहीत नाही, कारण ते शिखर आम्ही केलं हे अजून आमच्या क्लबाच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. उतरताना महेश पडला. तो जिवंत घरी आला, पण त्याच्या हातांची बोटं गेली. आठही मुळापासून, आणि अंगठ्यांचे अर्धे खुंट उरले.

लोकांना माहीत असलेली हकिगत अशी: सुनील जिवावर उदार होऊन एकटा खाली आला, त्याने मदत बोलावली, बलबीर नावाच्या पोर्टरने वर जाऊन महेशला आणलं. मी हे कधी सांगितलं नव्हतं. क्लबाच्या सेक्रेटरीने पहिल्या दिवशी पत्रकारांना तसं सांगून टाकलं आणि मी गप्प राहिलो. मग शाळांतून भाषणं आली, बोरिवलीच्या एका हॉलमध्ये शाल-श्रीफळ झालं. वहिनी माझ्या पाया पडायला वाकल्या होत्या. मी त्यांना धरून उभं केलं. बोललो मात्र काही नाही.

पुरोला

विमानाने डेहराडून, तिथून जीप. मसुरी मागे पडली की पर्यटक संपतात आणि चिडाची, म्हणजे पाइनची, जंगलं सुरू होतात. रस्त्यावर सुया पडून पडून तपकिरी गालिचा झालेला असतो आणि जीप वळली की राळेचा वास आत येतो. खाली नदी, वर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. शेतांत राजगिरा पिकलेला होता. आपल्याकडे राजगिरा म्हणजे उपासाचा लाडू, तो झाडावर कसा असतो हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. गडद लाल तुरे, डोंगरच्या डोंगर लाल.

महेश खिडकीकडे बसून होता. त्याच्यासोबत प्रवास करणं म्हणजे काय, ते मला पहिल्या तासातच कळलं. बाटलीचं झाकण, जॅकेटची चेन, बुटाची नाडी, केळ्याची साल, पँटचं बटण. तो काही मागत नाही. नुसता थांबतो, आणि आपल्याला कळतं. अकरा वर्षं हे सगळं वहिनी करत आल्या होत्या.

जेवताना तो तळव्याला एक पट्टा बांधतो आणि त्यात चमचा अडकवतो. पुरोल्याला जेवायला उतरलो तेव्हा लक्षात आलं, पट्टा डेहराडूनच्या हॉटेलात बाथरूममध्ये राहिला. चूक माझी, सामान मी भरलं होतं. समोर राजमा-भात आला. लाल तांदूळ, वर पातळ वाफाळता राजमा, बाजूला वाटलेलं हिरवं मीठ. त्या मिठात लसूण, मिरची आणि कसलीशी पानं घालून पाट्यावर रगडतात. नुसत्या भातावर टाकलं तरी दोन घास जास्त जातात.

मी त्याला भरवलं. तो तोंड उघडायचा आणि नजर रस्त्यावर ठेवायचा. ढाब्यावरची माणसं आधी बघायला लागली आणि मग बघेनाशी झाली. एका घासाला चमचा कलला आणि राजमा त्याच्या शर्टावर सांडला. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "पुस."

संध्याकाळी औषधाच्या दुकानातून गुडघ्याला बांधायची इलॅस्टिक पट्टी आणली आणि तिचा पट्टा केला. जमला. पण ते एक जेवण राहून गेलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

चौकी

मोरी गावाच्या पुढे वनखात्याची चौकी लागते. तिथे नाव, गाव, कारण लिहायचं. महेश पेन दोन्ही तळव्यांत धरून सही करतो, सुरेख करतो, पण वेळ लागतो. खिडकीमागच्या कारकुनाला घाई होती. वर न बघता त्याने शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि म्हणाला, "अंगूठा लगा दो ना, चाचा."

महेशने दोन्ही हात खिडकीत ठेवले.

तो कारकून उभा राहिला. मग बाहेर आला, आम्हाला बाकावर बसवलं, चहा मागवला. कुठे झालं हे, असं त्याने विचारलं तेव्हा महेशने मानेनेच उत्तरेकडे दाखवलं. दोन कड्यांच्या फटीतून ते दिसत होतं. एवढंसं, पांढरं, वर जराशी सोंड काढल्यासारखं. मला वाटलं होतं चौथ्या दिवशी दिसेल, तोवर मन तयार होईल. ते असं सरकारी बाकावर बसल्या बसल्या, हातात चहा असताना दिसलं.

इथून पुढे लिहिताना मला ती दुपार सांगायलाच हवी.

शिखरावर पोहोचायला आम्हाला उशीर झाला होता. उतरताना पहिल्याच उतारावर महेशच्या पायाखालचं बर्फ सुटलं. दोर त्या वेळी सोडलेला होता, कारण कठीण भाग संपला असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तो तीसेक फूट खाली एका धारेवर जाऊन पडला. हातमोजे उडाले. वॉकी-टॉकी त्याच्याजवळ होता, तोही गेला. मी हाका मारल्या. खूप मारल्या. तो हलला नाही. खालून ढग वर येत होता आणि माझ्या पायांत काही उरलं नव्हतं.

मग त्याने हात वर केला. कोपरापासून, हळू, आणि तो तसाच धरला.

मी ते बघितलं. मिनिटभर बघितलं असेल. मग डोळ्यांवर गॉगल ओढला आणि उतरायला लागलो.

कॅम्प दोनवर बलबीर एकटा होता, पोट बिघडल्याने मागे राहिलेला. मी तंबूत शिरलो आणि त्याला सांगितलं, महेश गेला. मदत आण म्हणालो नाही. गेला, आणि कुठे पडलाय ते, एवढंच.

कोटधार

जीप जिथे थांबते तिथून गाव तीन तास चढावर. देवदारांतून वाट जाते. महेश माझ्यापुढे चालत होता, काठी काखेत दाबून. घोटा तेव्हा मोडला होता म्हणून डावा पाय थोडा टाकून चालतो, पण चाल तीच. मला दम लागायचा, त्याला नाही.

गावातली घरं लाकडाची, खाली गुरं, वर माणसं, छपरावर पाटीच्या दगडांची कौलं. त्या कौलांवर अक्रोड, राजमा, मक्याची कणसं वाळत पडलेली. बलबीरची मुलगी कमला वाटेवर येऊन थांबली होती. पस्तिशीची असेल, शाळेत शिकवते, आणि वडिलांसाठी महिनाभर घरी आहे. तिने महेशकडे बघितलं आणि मोजून दोन पावलं अंतरावर थांबून हात जोडले. तो हात जोडू शकत नाही हे तिला आठवलं असावं, कारण मग तिने पुढे होऊन त्याचे दोन्ही तळवे आपल्या हातांत धरले.

बलबीर सज्जात उन्हात बसलेला होता, पाठीला गोधड्यांची चळत लावून. आडवं झालं की श्वास येत नाही. पूर्वी दोन माणसांचं ओझं नेणारा हा गडी आता रजईखाली नीट दिसतही नव्हता. महेश त्याच्याजवळ बसला. बलबीरने त्याच्या हातांवरून आपली बोटं फिरवली, एकेका खुंटावरून, सावकाश, दुकानदार धान्य चाचपतो तशी. मग म्हणाला की मला वाटलं होतं अंगठे पूर्ण वाचतील. महेश हसला. त्या सबंध प्रवासात तो तेवढाच हसला.

माझ्याकडे बलबीरने बघितलं आणि मान हलवली. ओळख होती, स्वागत नव्हतं.

त्या घरात जेवण चुलीशेजारी बसून होतं. पाहुण्याला बाहेरच्या खोलीत वेगळं ताट देणं त्यांना परकेपणाचं वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही. मंडव्याची रोटी होती. मंडवा म्हणजे आपली नाचणी. कुडाळला आजोळी खाल्लेली भाकरीच, फक्त जाड, आणि वर लोणी. कमलाने महेशच्या रोटीचे तुकडे करून दुधात कुस्करले आणि वाटी त्याच्यासमोर ठेवली. विचारलं नाही, दया दाखवली नाही. म्हाताऱ्या वडिलांनाही ती तसंच देत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमला महेशला सफरचंदांची बाग दाखवायला घेऊन गेली. मी निघालो तर बलबीरने खूण करून बसायला सांगितलं. तीनचार शब्द झाले की त्याला थांबावं लागायचं, त्यामुळे बोलायला बराच वेळ लागला. मी ते सलग सांगतो.

तो म्हणाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुर्बीण लावली ती प्रेत कुठे आहे हे बघून ठेवायला. मी सांगितलेल्या जागी लाल जॅकेट नव्हतं. ते वीस हात खाली होतं. खालच्या कॅम्पवरून एक पोर्टर वर आला होता, त्याला घेऊन बलबीर तसाच निघाला, मला न उठवता.

"साब, मरा हुआ आदमी खिसकता नहीं," तो म्हणाला.

मी खाली बघत होतो. सज्जाच्या फळ्यांमधून खालची म्हैस दिसत होती.

मग तो म्हणाला की मी हे कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कमलाला नाही. थकलेला माणूस खोटं बोलतो, डोंगरात असं होतं, मी पाहिलेलं आहे. पण तुम्ही नंतरही सांगितलं नाहीत. आता माझ्याबरोबर हे जाईल, आणि मग तुम्हाला कोणी विचारणारच नाही. मी आहे तोवर सांगून टाका.

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. त्याच्या छातीतून भाता फाटल्यासारखा आवाज येत होता. बागेतून येणाऱ्या महेशचा आवाज ऐकू येईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.

पाणवठा

तिसऱ्या दिवशी सकाळी मी महेशला घेऊन गावाबाहेरच्या झऱ्यावर गेलो. दगडी तोंडातून पाणी पडतं, बाजूला बसायला कट्टा आहे. पाणी इतकं गार की दात दुखतात. मी त्याचं तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं. मग सांगितलं. कुठून सुरुवात करायची याची रात्रभर तयारी केली होती, पण तसं काही झालं नाही. मी म्हणालो, तू हात वर केलास ते मी बघितलं होतं.

तो म्हणाला, "माहीत आहे."

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही.

"तू गॉगल खाली ओढलास," तो म्हणाला. "मी बघत होतो ना. म्हणून तर हात वर केला. तू बघतोयस हे दिसलं म्हणून."

अकरा वर्षं. त्याच्या घरी दिवाळीचा फराळ खाल्ला, त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं, हॉलमध्ये त्याच्या शेजारी खुर्चीवर बसून शाल घेतली. मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

एक बाई हंडा घेऊन आली, भरला, गेली. मग तो सांगू लागला. हॉस्पिटलात बोटं काळी पडत होती तेव्हा विद्या दिवसभर रडायची, आणि मी भेटायला गेलो की थांबायची. तिला वाटायचं, निदान एक माणूस धावून आला. ते तिच्याकडून काढून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं. नंतर उशीर झाला. शिवाय त्याला स्वतःचंच खात्रीने सांगता येईना. दमलेले आपणही असतो, उजेड आपल्यालाही कमी असता, तर आपण तरी थांबलो असतो का? त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत आपल्याला बोलायचा अधिकार नाही, असं त्याला वाटायचं.

"मग?" मी विचारलं.

"इथे आल्यावर मिळालं," तो म्हणाला. "मी थांबलो असतो, सुनील."

तो रागावून बोलला नाही. वजन बघून सांगावं तसं सांगितलं. आणि ते खरं आहे हे मला कळत होतं. वरच्या बर्फात बसलेल्या, नावही माहीत नसलेल्या माणसासाठी जो थांबला होता, तो माझ्यासाठी थांबलाच असता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "विद्याला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

मी हो म्हणालो.

आम्ही उठलो. त्याच्या जॅकेटची चेन अर्धी उघडी होती आणि वारा सुटला होता. तो थांबला. मी पुढे झालो आणि ती वर ओढली.

मोरी

आम्ही निघालो त्या दिवशी बलबीर सज्जात नव्हता, आत होता. महेश त्याच्याजवळ अर्धा तास बसला. मी दारातून नमस्कार केला. त्याने विचारल्यासारखं बघितलं, मी मान हलवली. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. समाधान झालं की दमला होता, ते मला सांगता येणार नाही.

मोरीच्या अलीकडे दरड कोसळून रस्ता बंद होता. दोन दिवस एका लॉजमध्ये अडकलो. एक खोली, एक पलंग, खाली सतत नदीचा आवाज. प्रवासवर्णनात अशा ठिकाणी लोक पत्ते खेळतात, गावकऱ्यांशी गप्पा मारतात. आम्ही बोललो नाही. सकाळी मी त्याला दात घासून द्यायचो, दाढी करून द्यायचो. गळ्यावरून वस्तरा फिरवताना तो डोळे मिटून मान वर करायचा, न्हाव्याकडे करतात तशी. त्याला भीती वाटत नव्हती. मला घाम फुटायचा. दुसऱ्या दिवशी दरड हटवणारं यंत्र आलं, आणि सगळं गाव ते बघायला जमलं, म्हाताऱ्या बायासुद्धा विणकाम घेऊन. त्यातली एक मला म्हणाली की तुमच्या भावाची किती सेवा करता. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. ही सवय मला चांगलीच होती.

पुन्हा मुलुंड

त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. वहिनींनी चहा टाकला. महेश आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगितलं. या वेळी आडवळणं घेतली नाहीत. हात वर झाला, मी बघितला, आलो, गेला म्हणून सांगितलं. बलबीर स्वतःहून वर गेला.

वहिनींनी गॅस बंद केला. चहा उकळायचा राहिला. बराच वेळ त्या ओट्याला धरून उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे.

"किती वेळ बघत होतात त्याच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"मिनिटभर."

त्यांनी मान डोलावली. जणू तेवढंच त्यांना हवं होतं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या, आणि दाराआडून मला त्यांचा आवाज ऐकू आला, पण तो रडण्याचा नव्हता. त्या महेशला काहीतरी विचारत होत्या, पुन्हा पुन्हा एकच. तो उत्तर देत नव्हता. मी माझी सॅक उचलली, दार ओढून घेतलं आणि खाली उतरलो.

क्लबात मी पत्र लिहून सगळं कळवलं. सेक्रेटरींचा फोन आला, आता कशाला हे उकरून काढतोस, म्हणाले. भिंतीवरचा मजकूर अजून तसाच आहे. शाळांची आमंत्रणं मी घेत नाही. आईला सांगितलं नाही. ती अजून विचारते, महेश बरो आसा मा? मी म्हणतो, बरा आहे.

आम्ही परतल्यावर अठराव्या दिवशी कमलाचा फोन आला. बलबीर सकाळी गेला, उन्हात बसलेला असताना. मी महेशला फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं. त्याने उचलला. त्यालाही कळलं होतं.

मी म्हणालो, तेराव्याला जायला हवं, परवा निघालं तर पोहोचू, मी तिकिटं बघतो.

"नको," तो म्हणाला. "विद्या येतेय बरोबर."

मागून कपाट उघडल्याचा आणि वहिनी कुणाला तरी गरम कपड्यांचं विचारत असल्याचा आवाज येत होता. मी बरं म्हणालो. त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग वहिनींनी त्याला हाक मारली आणि तो गेला.